मराठी ज्येष्ठांची स्मृतीचाचणी आणि नैराश्य: प्रशिक्षणार्थींना नेमकं काय शिकवायचं?

तगर (धागाकर्ता)

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रशिक्षणार्थींच्या वाट्याला वृद्धांच्या ओपीडीतली पोस्टिंग येते ती बहुधा छोटीच असते. तेवढ्या वेळात किमान काय यायलाच हवं, यावर जाणकारांनी लिहावं म्हणून हा धागा. अमेरिकेत २००६ साली कोलोरॅडो स्प्रिंग्जला झालेल्या परिषदेतून 'पाइक्स पीक' नावाचा आराखडा निघाला. वृद्धांसोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचा दृष्टिकोन, ज्ञान आणि कौशल्यं कशी असावीत, ते त्यात मांडलं आहे. आपल्याला त्यातला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे नंतर आलेलं स्वमूल्यमापनाचं साधन. प्रत्येक कौशल्यासमोर नवशिका ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्यांपैकी आपण कुठे आहोत, ते लिहायचं आणि पर्यवेक्षकानंही त्याचं मत वेगळं लिहायचं. दोन्हींत फरक पडेल तिथून शिकवायला सुरुवात करायची.

आराखडा कागदावर चांगला आहे. पण समोर चौथी शिकलेल्या, कानाला कमी ऐकू येणाऱ्या, सोबत सून घेऊन आलेल्या आजी असताना पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, हे तो सांगत नाही. चर्चा चार गोष्टींवर व्हावी: तपासणीचा क्रम, चाचण्या, उपचार आणि प्रबंधाचे विषय. अनुभवकथन नको, करण्याजोगं लिहा.

गवती_चहा

क्रमापासून सुरुवात करते, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. चाचणीचा कागद सगळ्यात शेवटी काढायचा.

आधी कान आणि डोळे. कानात मळ असेल तर तो काढून घेईपर्यंत चाचणी पुढे ढकलावी. श्रवणयंत्र आणि जवळचा चष्मा घरी राहिला असेल तर पुढची तारीख द्यावी, 'चालवून घेऊ' म्हणू नये. बोलताना समोर, उजेडात बसावं. आवाज खालच्या पट्टीत आणि संथ ठेवावा. ओरडलं की आवाज चिरका होतो, आणि वाढत्या वयात आधी जाते ती उंच पट्टीचीच श्रवणशक्ती. ऐकू आलं की नाही हे ठरवण्यासाठी पाठीमागून कुजबुजत दोन आकडे सांगून परत म्हणायला लावावेत. पाच शब्दांची यादी नीट ऐकूच आली नाही तर पाच मिनिटांनंतरच्या आठवणीचा शून्य गुण कसला?

मग औषधांची पिशवी. चिठ्ठी नव्हे, पिशवीच मागवा. चिठ्ठीत नसलेल्या गोळ्या त्यातच सापडतात. शोधायच्या त्या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम), आणि मेंदूतलं ॲसिटिलकोलीन अडवणारी औषधं: ॲमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन, सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन. गोळी बंद करायला सांगणं आपलं काम नाही. अल्प्राझोलाम एकाएकी थांबवलं तर झटके येऊ शकतात. डॉक्टरांना लेखी कळवावं.

तिसरं, हा बदल किती दिवसांतला? दोन-तीन दिवसांत माणूस बदलला असेल, सकाळी बरा आणि संध्याकाळी गोंधळलेला असेल, तर ते डिलिरियम (शरीराच्या बिघाडानं अचानक येणारा, कमीजास्त होणारा गोंधळ) आहे असं धरून चालायचं. मूत्रमार्गाचा संसर्ग, सोडियम घसरणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता, नवं औषध, ही नेहमीची कारणं. ४एटी ही चाचणी दोन मिनिटांत होते: जागृती, वय-जन्मतारीख-ठिकाण-साल, महिने उलटे म्हणणं, आणि अचानक झालेला बदल. एकूण ४ किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. शाळा न झालेल्यांना महिने उलटे जमत नाहीत. तिथे लक्ष टिकतं का, हे पाहायला वार उलटे विचारता येतात, पण मग तो अधिकृत गुण धरू नये. आरडाओरडा करणारं डिलिरियम सगळ्यांना कळतं. गप्प पडून राहणाऱ्या आजोबांना मात्र 'डिप्रेशन' असं लिहून आपल्याकडे पाठवलं जातं.

बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन यांचे रिपोर्ट आहेत का, ते पाहावं. नसतील तर स्मृतिभ्रंश हा शब्द अहवालात येऊ देऊ नये.

करवंद

वरच्या प्रतिसादाला +१. चाचण्यांबद्दल लिहितो.

एमएमएसई (स्मृती आणि आकलनाची छोटी चाचणी; १९७५, ३० गुण) आपल्याकडे अजून फोटोकॉपीवर चालते. तिच्यावर कॉपीराइट आहे, हा एक भाग. दुसरा असा की वाचणं, वाक्य लिहिणं, पंचकोन काढणं आणि शंभरातून सात-सात वजा करणं यांत शिक्षणच मोजलं जातं. त्यावर भारतात केलेलं सगळ्यात नेटकं काम म्हणजे एचएमएसई, तिचं हिंदी रूप. हरियाणातल्या बल्लभगढच्या ग्रामीण, बव्हंशी निरक्षर वृद्धांसाठी ती तयार झाली आणि १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिथे वजाबाकी विसातून तीन-तीनची आहे. 'डोळे मिटा' हे वाचून करायच्या ऐवजी तपासणारा डोळे मिटतो आणि समोरच्यानं त्याची नक्कल करायची. वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी बोलायचं.

हिंदीतली चाचणी समोरच बसून मनातल्या मनात मराठीत उलटवणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे आणि तो बंद व्हायला हवा. दोन प्रशिक्षणार्थी दोन तऱ्हांनी उलटवतात आणि सहा महिन्यांनी 'गुण तीनने घसरले' असा निष्कर्ष निघतो. विभागानं एकच मराठी प्रत ठरवावी, प्रत्येक प्रश्नाचं वाक्य छापून ठेवावं आणि मान्य उत्तरंही छापावीत. इंग्रजी तारखेऐवजी 'कार्तिक, एकादशी होऊन दोन दिवस झाले' असं उत्तर आलं तर गुण द्यायचा की नाही, हे आधी ठरलेलं हवं. माझं मत: द्यायचा, पण दिनदर्शिका समोर ठेवून तपासून.

मोका या दुसऱ्या स्मृती-आकलन चाचणीची (३० गुण) मराठी प्रत आहे, पण वापरण्यासाठी प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. २६ च्या खाली म्हणजे दोष, हा मूळ निकष कॅनडातल्या शिकलेल्या गटावरून आलेला. बारा वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून द्यायचा असतो. चौथी शिकलेल्या बाईंचं न झालेलं आठ वर्षांचं शिक्षण एका गुणात भरून निघत नाही. घनाकृती काढणं, एका अक्षराचे शब्द सांगणं, गेंड्याचं चित्र ओळखणं, या सगळ्यांत शाळा लागते. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना शब्दातला पहिला ध्वनी सुटा करणंच अवघड जातं. त्यांच्याकडून एका मिनिटात प्राण्यांची नावं घ्यावीत. कमी शिक्षण असलेल्यांसाठी मोका-बेसिक वेगळी आहे.

आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) आपल्या भाषांसाठी चाचण्यांचा संच तयार केला, त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या पाच भाषा म्हणजे हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यात नाही. हे खटकायलाच हवं.

उंबरठा

म्हणजे मोका वापरायचीच नाही का? ओपीडीत वीस मिनिटं असतात. काहीतरी आकडा लिहावा लागतोच.

करवंद

वापरायची, फक्त एकूण गुणांवर निकाल लावायचा नाही. तीन गोष्टी अहवालात लिहा. एक, कोणत्या उपभागात गुण गेले आणि त्यात शिक्षणाचा वाटा किती असू शकतो. दोन, यादीतले शब्द थोड्या वेळानं विचारताना मदत दिल्यावर काय झालं. आपणहून आठवलं नाही पण 'तो एक रंग होता' म्हटल्यावर चटकन आठवलं, तर माहिती साठली आहे, काढता येत नाही. हे नैराश्यात आणि रक्तवाहिन्यांच्या आजारात जास्त दिसतं. सूचना देऊनही आठवलं नाही आणि पर्यायांतून चुकीचाच शब्द निवडला, तर माहिती साठलीच नाही; अल्झायमरकडे बोट जातं. निदान नव्हे, बोट. तीन, ज्यांच्यावर आपण विसंबतो त्या घरच्यांनी दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत काय सांगितलं. त्यासाठी आयक्यूकोड या घरच्यांना विचारायच्या प्रश्नावलीची १६ प्रश्नांची छोटी प्रत पुरते, आणि तिच्यावर शिक्षणाचा परिणाम फार कमी होतो.

गवती_चहा

घरच्यांच्या माहितीतही एक खड्डा आहे. 'आई स्वयंपाक करत नाही' याचा अर्थ करता येत नाही, की सुनेनं स्वयंपाकघर हातात घेतलं म्हणून करत नाहीत? 'बाबा पैशांचे व्यवहार करत नाहीत', की मुलानं पासबुक आणि एटीएम कार्ड काढून घेतलं? आपल्या घरांत वयाबरोबर भूमिका आपोआप सुटतात, म्हणून पाश्चात्य प्रश्नावल्यांतले खरेदी, बँक, वाहन हे प्रश्न इथे निरुपयोगी ठरतात. एचएमएसईच्याच प्रकल्पातली 'इएएसआय' ही रोजच्या क्षमतांची प्रश्नावली हे ओळखून बनवलेली आहे. सांगितलेला निरोप पोचवतात का, जेवल्याचं लक्षात राहतं का, नेसलेले कपडे मळले तर कळतं का, वाट चुकतात का, अशा धर्तीनं विचारायचं. आणि प्रत्येक 'नाही'नंतर पुढचा प्रश्न ठरलेला: कधीपासून, आणि गरज पडली तर जमेल का?

सून, मुलगा, मुलगी यांना वेगवेगळं भेटावं. आजी-आजोबांशी एकट्यानं बोलायला किमान दहा मिनिटं राखावीत. मारहाण, उपासमार, घर नावावर करून देण्यासाठी दबाव हे विषय कुटुंबासमोर निघत नाहीत. लागलं तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, आणि २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरचं न्यायाधिकरण, हे दोन्ही तोंडपाठ हवेत.

तगर

उत्तम. नैराश्य मोजण्याकडे वळूया का? जीडीएस-१५ (ज्येष्ठांच्या नैराश्याची १५ प्रश्नांची चाचणी) सगळे वापरतात, पण गुणांकनात गडबड बघायला मिळते.

गवती_चहा

गडबड ठरलेली आहे. पंधरा प्रश्नांपैकी १, ५, ७, ११ आणि १३ हे उलटे आहेत. 'नाही' उत्तराला गुण. उरलेल्या दहांना 'हो' ला गुण. घाईत सगळ्या 'हो' मोजल्या की समाधानी माणूसही ५ गुणांवर जातो, आणि ५ हाच तर नेहमीचा निकष. मराठी प्रतीवर गुण जाणारी बाजू ठळक छापून ठेवावी. फक्त ती प्रत तपासणाऱ्याच्या हातात हवी, समोरच्याच्या नाही.

जीडीएसमध्ये भूक, झोप, वजन यांचे प्रश्न मुद्दाम नाहीत, कारण वृद्धांत ती लक्षणं शरीराच्या आजारानंही येतात. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या दुसऱ्या प्रश्नावलीत भूक आणि झोप आहेत. दोन्हींच्या गुणांत तफावत आली तर आधी हृदय, फुप्फुसं आणि दुखणं बघावं. आणखी एक. जीडीएसमध्ये आत्महत्येचा थेट प्रश्नही नाही. तो वेगळा, स्पष्ट विचारायचा: 'जगून काय करायचं, असं वाटतं का? स्वतःहून आयुष्य संपवावं असं मनात येतं का? कसं, हे ठरवलंय का?' 'देवानं आता न्यावं' हे वाक्य अनेक ज्येष्ठ सहज बोलतात, त्यातून कोण तृप्त आहे आणि कोण हताश, ते पुढच्या दोन प्रश्नांतूनच कळतं. हताश असेल तर त्या दिवशी एकटं घरी पाठवायचं नाही, मनोविकारतज्ज्ञांना लगेच दाखवायचं, आणि घरातल्या गोळ्यांचा साठा व शेतीचं कीटकनाशक कुलपात ठेवायला घरच्यांना सांगायचं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्यायचा.

स्मृतिभ्रंश मध्यम टप्प्याचा असेल तर जीडीएस विश्वासार्ह राहत नाही. तिथे काळजीवाहूकडूनही माहिती घेणारी कॉर्नेलची १९ मुद्द्यांची मापनपट्टी वापरा.

पाणपोई

उपचारांबद्दल. आपल्या अगदी शेजारी, गोव्यात झालेलं काम प्रशिक्षणात शिकवलं जात नाही याचं नवल वाटतं. 'संगात' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या साठीपुढच्या, सौम्य लक्षणं असलेल्या पण नैराश्याचं निदान होण्याइतकी नसलेल्या १८१ जणांवर यादृच्छिक चाचणी (कोण कोणत्या गटात, हे नशिबावर सोडून) केली. निकाल २०१९ मध्ये आले. एका गटाला प्रशिक्षित पण बिनतज्ज्ञ समुपदेशकांनी समस्या सोडवण्याचं तंत्र, झोपेची वर्तन-पद्धत, मधुमेहासारख्या आजारांची स्वतः घ्यायची काळजी आणि सरकारी योजना मिळवायला मदत एवढं दिलं. वर्षभरात त्या गटात ९१ पैकी ४ जणांना मोठं नैराश्य आलं, नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ९० पैकी १३ जणांना.

समस्या सोडवण्याचं तंत्र असं: समस्या एका वाक्यात लिहायची, आठवड्यात गाठता येईल असं उद्दिष्ट ठरवायचं, सुचतील तेवढे उपाय न तोलता काढायचे, मग प्रत्येकाचे फायदे-तोटे, एक निवडायचा, कोण-कधी-कुठे करणार ते लिहायचं, पुढच्या भेटीत तपासायचं. प्रशिक्षणार्थी कुठे चुकतात? पहिल्याच पायरीत. 'मुलगा बोलत नाही' ही समस्या घेतली की ती सुटत नाही, कारण ती दुसऱ्याच्या हातात आहे. 'दुपारी चार तास एकटं बसावं लागतं' ही घेतली की उपाय निघतात. दुसरी चूक म्हणजे उपाय आपणच सुचवणं. लिहिता न येणाऱ्यांसाठी चित्रं किंवा बोटांवर मोजून चालतं, फक्त एका भेटीत एकच समस्या.

उंबरठा

४ आणि १३ म्हणजे एकूण १७ घटना. एवढ्यावर धोरण उभं करू नये. शिवाय एकाच राज्यातला अभ्यास.

पाणपोई

मान्य, आकडे लहान आहेत. पण फरक मोठा आहे, आणि या उपचारात धोकाही फारसा नाही. महाराष्ट्रातल्या दोन-तीन तालुक्यांत तोच प्रयोग करणं हे पुढचं पाऊल. गोव्यातच २००८ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोगही वाचा: बार्देस आणि तिसवाडी तालुक्यांतल्या स्मृतिभ्रंशाच्या ८१ कुटुंबांना घरी जाऊन आधार दिला. काळजीवाहूंचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णाच्या रोजच्या क्षमतेत मात्र ठोस फरक दिसला नाही. कुटुंबाला पहिल्या भेटीत हेच सांगावं, म्हणजे नको त्या आशा लागत नाहीत.

गवती_चहा

झोपेच्या वर्तन-पद्धतीबद्दल थोडं, कारण तिच्यातला धोका सांगितला जात नाही. नियम चार: अंथरुणातला वेळ कमी करा, रोज एकाच वेळी उठा, झोप आल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नका, झोप लागत नसेल तर अंथरुणात पडून राहू नका. आजोबा रात्री ९ ला पडतात, ५ ला उठतात, प्रत्यक्षात झोप साडेपाच तास. मग अंथरुणातला वेळ साडेपाच अधिक अर्धा, म्हणजे सहा तास: ११ ते ५. सहाच्या खाली जाऊ नये. दुपारची वामकुक्षी मोजायला विसरू नका. दीड तास तिथे झोपून घेतलं की रात्रीचं गणित चुकतं.

धोका असा की चौथ्या नियमानुसार अंधारात उठून बसणारा माणूस पडतो. आधी पडल्याचा इतिहास, गुडघे, पार्किन्सन्स, रात्रीची लघवी हे विचारा. तसं असेल तर उठायला लावू नका, अंथरुणातच उशीला टेकून बसू द्या, आणि वाटेवर छोटा दिवा लावा. फिट्स येणाऱ्यांना आणि बायपोलर असलेल्यांना झोप कमी करायची पद्धत देऊ नये.

तगर

आता प्रबंध. विषय बहुतेक 'वृद्धाश्रमातील व घरातील वृद्धांच्या एकटेपणाची तुलना' हाच असतो. :-)

करवंद

तो विषय आता थांबवावा. वृद्धाश्रमात माणूस पोचतो तोच आजार, वैधव्य किंवा भांडण यांतून. तुलना सुरुवातीपासूनच असमान. त्यावर टी-टेस्ट लावून काही सिद्ध होत नाही.

दुसरा आवडता विषय म्हणजे चाचणीचा मराठी निकष. स्मृतिभ्रंश क्लिनिकमधले ४० रुग्ण आणि हास्यक्लबातले ४० ठणठणीत सभासद घेतले की संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती सापडले) ९५ टक्के येतेच. मधले, संशयाचे लोक वगळले ना! तीच चाचणी वस्तीत नेल्यावर काय होतं ते मोजून बघा. 'लासी-डॅड' या राष्ट्रीय अभ्यासात (४,०९६ ज्येष्ठ) साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आलं. म्हणजे हजारात ७४. संवेदनशीलता आणि विशिष्टता (निरोगींपैकी किती निरोगी ठरले) दोन्ही ८५ टक्के धरल्या तरी ७४ पैकी ६३ सापडतील, आणि निरोगी ९२६ पैकी १३९ जणांवर चुकीचा शिक्का बसेल. शिक्का बसलेल्या २०२ जणांत खरे ६३, म्हणजे ३१ टक्के. हे कोष्टक प्रत्येक प्रबंधात हवं.

करता येण्याजोगं सांगतो. लासीची (लासी-डॅड जिचा भाग आहे त्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीची) माहिती मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेकडे संशोधकांना अर्ज करून मिळते. तिचं दुय्यम विश्लेषण एम.फिल.च्या मुदतीत बसतं. प्रत्यक्ष माणसं घ्यायची असतील तर मराठी प्रतीची विश्वासार्हता तपासा: एकच मुलाखत दोघांनी वेगवेगळे गुण देऊन मोजायची, आणि काही आठवड्यांनी पुन्हा. पुन्हा घेताना शब्दयादी बदला, नाहीतर सरावानं वाढलेले गुण सुधारणा म्हणून मोजले जातात. शिक्षणाची वर्षं गटांत पाडू नका, तशीच नोंदवा. 'साक्षर/निरक्षर' एवढंच लिहिलं की सातवी आणि पदवी एकाच खोक्यात जातात.

उंबरठा

आणि गळती. दुसऱ्या भेटीला न आलेले बहुतेक तेच, ज्यांची तब्येत बिघडली. त्यांना वगळून 'उपचारानं सुधारणा' दाखवू नये. का आले नाहीत, ते फोन करून नोंदवा: मृत्यू, रुग्णालय, गावी गेले, नको म्हणाले.

पाणपोई

एक प्रश्न अवांतर, पण ओपीडीत नेहमीचा: मुलगा म्हणतो 'वडिलांना मृत्युपत्र करायचंय, सायकॉलॉजिस्टचं सर्टिफिकेट द्या'. काय करावं?

गवती_चहा

अवांतर मुळीच नाही. 'मोका १९, म्हणून अक्षम' किंवा 'मोका २७, म्हणून सक्षम' असं लिहायचं नाही. क्षमता त्या-त्या निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती असते. मुलाला बाहेर बसवून चार गोष्टी विचारा आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा: मृत्युपत्र म्हणजे काय होतं, आपली मिळकत काय काय आहे, कायद्यानं आणि नात्यानं कोणाकोणाचा हक्क वाटतो, आणि यालाच का द्यायचं. काही दिवसांनी पुन्हा विचारून उत्तर तेच येतं का, ते पाहा. डिलिरियम किंवा तीव्र नैराश्य असेल तर मूल्यमापन पुढे ढकला. सही मनोविकारतज्ज्ञांसोबत करा, प्रशिक्षणार्थीनं एकट्यानं कधीच नाही.

संशोधनाच्या संमतीलाही हेच लागू. अंगठा देणाऱ्यांसाठी संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा. त्याला शेवटी सहीपुरतं बोलावू नये. माहितीपत्रक वाचून झाल्यावर 'आम्ही काय करणार आहोत, ते तुम्ही सांगा' असं म्हणावं. क्षमता नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची सही घ्यायची, पण त्या व्यक्तीची स्वतःची तयारीही हवी. मान फिरवली, हात झटकला, उठून जायला लागल्या, तर तो नकार. मुलीनं सही केलेली असली तरी.

तगर

यातली जीडीएसची प्रत आणि तपासणीचा क्रम एका पानावर आणून पुढच्या आठवड्यात इथेच टाकते. कोणाकडे तयार मराठी शब्दयाद्यांच्या समांतर प्रती असतील तर त्याही जोडा; शब्द कोणत्या भागातल्या आणि किती शिकलेल्या लोकांवर तपासले, ते सोबत लिहा.